चार बोटांचा मुका मार

रविवारी लवकर पोचलं नाही तर प्रॉफेट लिझोच्या तंबूत पाय ठेवायला जागा नसायची. आमचं इझिबुको गाव तसं देवाच्या बाबतीत आळशी. चर्चची घंटा वाजत राहायची आणि पुरुष मेंढवाड्याच्या कुंपणाला टेकून शनिवारच्या रग्बी सामन्यावर भांडत बसायचे. पण त्या हिवाळ्यात तेच पुरुष आपापल्या बायकांच्या मागे मुकाट्याने गोठलेलं गवत तुडवत तंबूकडे निघायचे, आत जाऊन खांदा उघडा करायचे आणि अंगावर पांढरी चादर घेऊन ओळीने गुडघे टेकायचे.

प्रॉफेट ओळीमागून फिरायचा. उंच, गोरटेला, गळ्यात हिरवी दोरी. उजव्या हातात काळा चामड्याचा मोजा. तो म्हणे त्याच्या मेलेल्या बापाचा. कडेला ठेवलेल्या डब्यातलं 'पवित्र तेल' तो मोज्याला लावायचा, चादरीखाली हात घालून एकेकाच्या खांद्यामागे टेकवायचा आणि डोळे मिटायचा.

"आहे. आत बसलाय. अजून वर आला नाही. मंगळवारी बघ."

एवढं बोलून पुढच्याकडे जायचा. मध्येच थांबून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "लिझो मारत नाही, लिझो बरंही करत नाही. लिझो नुसता टॉर्च आहे. सेल वरच्याचे."

आणि मंगळवारी तो खरंच वर यायचा. खांद्यामागे काळपट निळा हात. तळवा, अंगठा आणि तीन बोटं. करंगळी नाही.

मी गावच्या दवाखान्यात नर्स आहे. नोबांतु माझं नाव, पण सगळे सिस्टर म्हणतात. मंगळवारी बाया माझ्याकडे यायच्या, दार लावून घ्यायच्या आणि न बोलता पाठ फिरवायच्या. मी विचारायची, "कुठे आपटलीस? नवऱ्याने मारलं?" उत्तर एकच. "नाही सिस्टर. रात्री कुणीतरी मारलं. मला जाग आली नाही."

रग्बी खेळणाऱ्या गावाला हे पटायला वेळ लागला नाही. मुका मार दोन दिवसांनी वर येतो हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. सामन्यात मांडीवर गुडघा बसतो, त्या दिवशी काही दिसत नाही, आणि दोन दिवसांनी मांडी जांभळी होते. प्रॉफेटने गावाला माहीत असलेली गोष्टच घेतली आणि तिला भुताचा हात जोडला.

करंगळी नसलेली बाई गावात एकच होती. माभेले. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, ओढ्यापलीकडच्या गोल झोपडीत एकटी राहायची. तिची करंगळी तरुणपणीच मळणीयंत्रात गेली होती. अर्ध्या गावाची ती मखुलू, आजी. माझ्या आईचं बाळंतपण तिनेच केलेलं. प्रॉफेटने तिचं नाव कधीच घेतलं नाही. तो फक्त म्हणायचा, "कुणाच्या हाताला किती बोटं, ते मी कशाला सांगू? तुम्हाला मोजता येतं."

गावाने मोजलं, आणि रात्री येऊन मारणारी तीच असं ठरवलं. तिच्या झऱ्यावर बाया जायच्या थांबल्या. मुलं तिच्या दारावरून पळत जाऊ लागली. दुकानात ती शिरली की बोलणं थांबायचं आणि ती मीठ, काडेपेटी घेऊन बाहेर पडेपर्यंत कुणी खोकतसुद्धा नसे.

एका रविवारी मी तंबूत गेले. खोटं असलं तर आपल्या डोळ्यांनी बघावं म्हणून. चादरीखाली तो हात आला, गार आणि तेलकट. मला बकरीच्या चरबीचा वास आला आणि आणखी कसलातरी तिखटसा. "सिस्टर," प्रॉफेट माझ्या कानाशी म्हणाला, "तुमच्याकडे तर तो कधीपासून बसलाय."

मंगळवारी सकाळी आंघोळ करताना मी आरशाकडे पाठ केली आणि मान वळवून बघितलं. चार बोटांचा हात माझ्या खांद्यावर होता.

माझा विश्वास नव्हता. तरी पाण्याचा नळ बंद करायला माझा हात पुढे जाईना. असं वाटत राहिलं की आरशात जे दिसतंय त्याच्या मागेही कुणीतरी उभं आहे. त्या दिवशी दवाखान्यात जाताना ओढ्यापलीकडे चुलीचा धूर दिसला आणि मी नजर दुसरीकडे वळवली. मी, जिला त्या बाईने आईच्या पोटातून ओढून काढलं होतं. भीती डोक्याला विचारून येत नाही.

दुपारी मी धाकट्या बहिणीला फोन केला.

झिमासा शहरात विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम करते. काम म्हणजे मुका मार. मुक्या माराचा अभ्यास करायचा तर प्रत्येक वेळी अगदी सारखा मार हवा, म्हणून तिने एक उपकरण बसवलंय. बेशुद्ध केलेल्या उंदराच्या पोटरीवर नळीतून ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून सोडायचं. हाड मोडता कामा नये, कातडी फाटता कामा नये, इजा फक्त स्नायूला व्हायला हवी. ते जमवण्यातच तिची पहिली काही वर्षं गेली. गावात तिची यावरून भरपूर चेष्टा होते. आमचे मुखिया ताता सोंगेझो, ताता आम्ही कुणाही वडीलधाऱ्याला म्हणतो, तिला एकदा म्हणाले होते, "उंदीर मारायचा पगार मिळतो? मग आमच्या मांजरीला पेन्शन लावून दे."

शनिवारी ती आली. मी ब्लाउज खांद्यावरून खाली केला. तिने डाग उजेडात न्याहाळला. मग बोटाने दाबलं.

"दुखतंय?"

"नाही."

"मग काय होतंय?"

"खाजतंय. सारखं खाजतंय."

"मुका मार दुखतो, सिसी. खाजत नाही." तिने माझा उजवा हात धरून खिडकीपाशी नेला. माझ्या नखांखाली तपकिरी डाग होते. मानेवर, जिथे मी खांदा खाजवून झाल्यावर बोटं लावली होती, तिथेही तसाच एक डाग उठला होता. "तुझ्या भुताला एकच हात आहे म्हणतेस. मग मानेवर हे बोट कुणाचं?"

गरोदर बायकांचं पोट बघायला दवाखान्यात सोनोग्राफीचं छोटं यंत्र आहे. झिमासाने ते माझ्या खांद्यावर फिरवलं. पडद्यावर स्नायूचे धागे दिसले, विंचरलेल्या केसांसारखे सरळ.

"इथे रक्त साचलेलं दिसायला हवं होतं. धागे तुटलेले, काळा डोह. काहीच नाही. तुझ्या स्नायूला कुणी टिचकीसुद्धा मारलेली नाही."

"मग हे निळं?"

"कातडी भाजलीय. कसल्यातरी रसाने." मग ती स्टुलावर बसली. "सुरुवातीला मी पण फसायची. उंदराची कातडी निळी दिसली की लिहायची, मार चांगला बसला. आत बघावं तर स्नायू धडधाकट. कधी कातडी स्वच्छ, आणि आत सगळा रक्ताचा चिखल. तेव्हापासून मी कातडीचं ऐकत नाही. रक्त तपासते, स्नायूचा काप काढून बघते. आणि मार न दिलेला दुसरा पाय शेजारी ठेवल्याशिवाय बोलत नाही."

मग तिने जुन्या बायांना बोलावून घ्यायला सांगितलं, ज्यांचे डाग महिन्यापूर्वीचे होते. खरा मार जांभळ्याचा हिरवा होतो, मग पिवळा, मग जातो. यांचे डाग हिरवे-पिवळे न होता तपकिरी पडून तसेच राहिले होते, फक्त वरची साल निघालेली. आमच्याकडे कुंपणाला निळ्या फुलांचं एक झुडूप असतं. वीज पडू नये म्हणून त्याची काडी छपरात खोचतात आणि मुळाच्या रसाने चामखीळ जाळतात. झिमासाने त्याच्या मुळाचा तुकडा ठेचून माझ्या नाकाशी धरला. तंबूतला तिखट वास तोच होता.

"चल, आत्ता सगळ्यांना सांगू," मी म्हणाले.

"सांगून काय होणार? तू म्हणशील झुडूप, तो म्हणेल भूत. लोक घाबरलेत, घाबरलेला माणूस मोठ्या आवाजाचं ऐकतो. दुसरा पाय शेजारी ठेवावा लागेल."

आम्ही दोघी मुखियांकडे गेलो. ताता सोंगेझोंच्याही पाठीवर हात उठून गेला होता आणि ते आता दार उघडण्यापूर्वी कोण आहे विचारत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाले, "पोरी, तू म्हणतेस ते खरं निघालं तर मला आनंदच आहे. खोटं निघालं तर मंगळवारी लोक त्या म्हातारीचं काय करतील ते मला थोपवता येणार नाही. माझ्या अंगणात सभा बोलावलीय त्यांनी. मला विचारून नव्हे."

"तोवर मखुलूला तुमच्या घरात ठेवा," झिमासा म्हणाली. "तुमच्या नजरेसमोर. रात्री ती कुठे जाते ते तुम्हीच बघा."

त्याच दिवशी सामना होता. माभेलेचा नातू लुंडी आमच्या संघात खेळायचा. समोरच्या धिप्पाड गड्याचा गुडघा त्याच्या मांडीत घुसला आणि तो लंगडत मैदानाबाहेर आला. मांडीवर ओरखडासुद्धा नव्हता. मी बर्फ दिला, पट्टी बांधली आणि बजावलं, शेकायचं नाही, चोळायचं नाही.

रविवारी तंबूत जाण्याआधी झिमासाने माझ्या घरी दहाबारा लोकांना बोलावलं. मुखिया, त्यांची बायको, संघातली पोरं, चर्चमधल्या बाया. निम्म्यांच्या खांद्यामागे तिने जखमेवर लावतात ती पातळ पारदर्शक चिकटपट्टी लावली. निम्म्यांना काहीच नाही. जाड चामड्याच्या मोज्याला ती पट्टी कळायची नाही, असा तिचा हिशेब. तो बरोबर निघाला. प्रॉफेट प्रत्येकाच्या मागे थांबला, प्रत्येकाला म्हणाला, "आहे. मंगळवारी."

लुंडीही आला होता. आजीवरचा आळ जावा म्हणून तो स्वतःहून ओळीत बसला. प्रॉफेटने त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. मोजा काढून ठेवला आणि उघड्या हाताने त्याची पाठ सगळ्यांना दाखवली.

"बघा. गावभर हात फिरतो आणि या एकाच्या पाठीला शिवत नाही. कुत्री सगळ्यांना चावते, आपल्या पिल्लाला नाही."

तंबूत एक बारीक आवाज झाला, खूप लोकांनी एकदम श्वास आत घेतल्यासारखा.

"माझी मांडी दुखतेय, ताता," लुंडी म्हणाला. "मला पण मारच लागलाय."

"मांडीवर काय आहे? काही नाही. स्वच्छ. तुझ्या मांडीत आजीचं पाप साठलंय, तेवढं बाहेर काढू." त्याने दोन माणसांना खूण केली. तापवलेल्या विटा कापडात गुंडाळून त्यांनी लुंडीची मांडी जोर लावून रगडली. मी पुढे झाले तर बायांनी मला धरलं. त्यांच्यातल्या दोघींना मी पोलिओचे डोस पाजले होते. लुंडी ओठ चावून पडून राहिला. ओरडला असता तर पाप बोललं असतं, म्हणून.

तंबूबाहेर पडल्यावर झिमासाने सगळ्यांच्या पट्ट्या काढून टाकल्या. मुखियांची पट्टी मात्र तिने फेकली नाही. ती उलटी करून, ज्या बाजूला मोजा लागला होता ती बाजू आत करून, सगळ्यांदेखत स्वतःच्या दंडावर दाबून धरली आणि वर फडकं बांधलं.

"काय करतेस?" मी विचारलं.

"मोजमाप," ती म्हणाली. "उंदीर आणायला वेळ नाही."

सोमवारी सकाळी लुंडीला चारपाईवर घालून आणलं. मांडी लाकडासारखी टणक झाली होती आणि पायाच्या बोटांना स्पर्श कळत नव्हता. कातडी अजूनही स्वच्छ होती. झिमासाने यंत्र फिरवलं आणि मला पडद्याकडे बघायला सांगितलं. धागे कुठेच नव्हते. नुसता काळा डोह, आणि तो वाढत होता.

"आत रक्त साचून पायाची नस दाबली जातेय. आजच्या आज मांडी उघडली नाही तर पाय जाईल."

मी रुग्णवाहिका बोलावली. लुंडीने माझा हात धरला. "सिस्टर, सगळ्यांना निळं दिसतं आणि त्यांना काही होत नाही. माझ्यावर काही दिसत नाही. मग मला एवढं काय झालंय?"

"तुलाच मार लागलाय, बाळा. बाकीच्यांना नुसता रंग लागलाय."

गाडी गेली आणि आम्ही मागे वळलो तेव्हा ओढ्यापलीकडून धूर येत होता, चुलीचा नव्हे. माभेलेच्या झोपडीचं गवती छप्पर भर दुपारी पेटलं होतं. ती मुखियांच्या घरात होती म्हणून वाचली. आग कुणी लावली ते कुणी पाहिलं नाही. निदान तसं सगळे म्हणाले. आजही म्हणतात.

मंगळवारी मुखियांच्या अंगणात सारा गाव जमला. लोकांच्या घोंगड्यांना अजून जळक्या गवताचा वास येत होता आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या घोंगडीकडे बघत होता. माभेलेला मधोमध एका बाकावर बसवलं होतं. तिने हात शालीखाली घेतले होते, दोन्ही. प्रॉफेट आला, तेच तेल, तोच मोजा.

"हात वर आला का?" त्याने विचारलं.

"बघू या," झिमासा म्हणाली. "पट्टी लावली होती ते इकडे या. नव्हती लावली ते तिकडे."

लोकांना आधी कळेना. मग एकेकाने खांदा उघडा केला. तिकडच्या सगळ्यांवर चार बोटं होती. इकडच्या एकावरही नवा हात नव्हता. मुखिया स्वतः वळून उभे राहिले. जुना तपकिरी डाग तेवढा होता, दुसऱ्या बाजूला. नवीन काही नाही.

"पट्टी अंगावर होती ती फक्त प्रार्थनेपुरती," झिमासा म्हणाली. "रविवारी रात्री नव्हती. सोमवारी रात्री नव्हती. मखुलू रात्री येऊन मारत असती तर तिला कुणी अडवलं असतं? दोन्ही रात्री ती तातांच्या बायकोशेजारी झोपली होती. जे थांबलं ते एकच. रविवारी सकाळचा मोजा."

"ही आजच्या शाळेतली पोरगी," प्रॉफेट हसला. "उंदरांची देवी. अगं, जो हात मुखियांना चुकला, तो कुठे गेला ते सांग की."

झिमासाने दंडावरचं फडकं सोडलं. तिच्या दंडावर तळवा होता, अंगठा होता, तीन बोटं होती.

पुढच्या ओळीतली एक बाई मागे सरकली. मला ठाऊक असूनही अंगावर काटा आला. दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर, एका पट्टीवरून दुसऱ्याच्या अंगावर गेलेला तो हात मी अजून विसरलेली नाही.

"तिला शाप लागला," प्रॉफेट म्हणाला. "बघा, हात घालू नये तिथे हात घातला—"

"थांबा." ताता सोंगेझो काठीवर रेलून पुढे आले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "मी म्हातारा माणूस. मला पट्ट्या कळत नाहीत, उंदीर कळत नाहीत. मला एक करून दाखवा. तेल लावा मोज्याला, रोज लावता तसं. आणि तो हात तुमच्या गालावर ठेवा."

प्रॉफेट हसत राहिला. "हा माझ्या बापाचा मोजा आहे, ताता. त्याच्याशी खेळ करत नाहीत."

"खेळ कुठला? बापाचा हात पोराच्या गालाला लागला तर काय बिघडतं?"

"आज योग नाही."

"रविवारी होता. आम्हा सगळ्यांच्या पाठीला होता."

प्रॉफेटने मोज्याकडे बघितलं. मग डब्याकडे. त्याचा हात अर्ध्यावर आला आणि तिथेच राहिला. त्या अर्ध्यावर राहिलेल्या हाताने आमच्या गावाला जे सांगितलं, ते माझ्या बहिणीला दिवसभर बोलूनही सांगता आलं नसतं. संघाच्या कप्तानाने त्याच्या हातातला डबा काढून घेतला. बकरीची चरबी, आणि तिच्यात किसलेलं मूळ. मोज्याची करंगळी कोरी होती, तिला तेल कधी लागलेलंच नव्हतं. तंबूमागची निळ्या फुलांची झुडपं मुळापासून उपटलेली सापडली.

त्याला मारायला लोक धावले. मुखियांनी काठी आडवी धरली. "काल घर जाळलंत. आज माणूस मारू नका." पोलिसांची गाडी त्याला घेऊन गेली.

मग गर्दी माभेलेकडे वळली. काही बाया रडत होत्या. एकीने तिच्या पायाशी बसून म्हटलं, "मखुलू, आम्हाला कळलं नाही."

माभेलेने हात शालीबाहेर काढला आणि गुडघ्यावर ठेवला, जसा आहे तसा. "बोट गेलं तेव्हा तुझ्या बापाने मला पाठीवर घेऊन डॉक्टरकडे पोचवलं होतं," ती म्हणाली. "तुला हे बोट कसं गेलं ते माहीत होतं. गावात सगळ्यांना माहीत होतं." त्यानंतर तिने विचारलं ते फक्त लुंडीबद्दल.

लुंडीचा पाय वाचला. मांडीतला बराचसा स्नायू काढावा लागला, त्यामुळे तो आता खेळत नाही, शिट्टी घेऊन पंच म्हणून उभा राहतो. झिमासा सुट्टीत आली की त्याची मांडी मोजते, ताकद किती परत आली ते तपासते आणि सांगते की उंदरांत आणि माणसांत अजून पुष्कळ अंतर आहे, काम संपलेलं नाही. गावाने माभेलेला नवं घर बांधून दिलं, पत्र्याचं, पेटणार नाही असं. काय हवं नको विचारलं तेव्हा तिने एकच मागितलं. दाराला आतून कडी. आधीच्या घराला कडी नव्हती.

मध्यंतरी उत्तरेकडच्या एका खेड्यातली नर्स फोनवर सांगत होती, तिथे लोकांच्या पाठीवर पावलं उठतायत. डाव्या पायाची, अंगठा नसलेली. मी तिला विचारलं, गावात असा पाय कुणाचा आहे? ती हळूच म्हणाली, एका म्हाताऱ्याचा. आता त्याला कुणी पाणी देत नाही.

मी तिला सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. अंगावर डाग उठला की तो कुणी पाठवला हे विचारत बसू नका. दाबून बघा, दुखतंय की खाजतंय. चार दिवसांनी रंग हिरवा-पिवळा होतो का बघा. ज्याला काही झालं नाही त्याला ज्याला झालं त्याच्या शेजारी उभं करा, आणि दोघांत फरक काय ते शोधा. खरोखर दुखत असेल, तर वर काही दिसो न दिसो, दवाखान्यात या. आणि सगळ्यांत आधी, कुणाच्या दारात काडी घेऊन जाण्याआधी, एवढंच आठवा, की तुमच्या पाठीला शेवटचा हात कुणी लावला होता.